भानुमतीची मॅट्रिक

निजामाच्या अमदानीत औरंगाबादला भानुमती मॅट्रिक झाली, तीही उर्दूतून. वडील व्यंकटराव तहसील कचेरीत पेशकार. त्यांनी गुलमंडीभर पेढे वाटले आणि मग स्थळं बघायला लागले.

पहिलं स्थळ हैदराबादच्या वकिलाचं. त्यांना मुलगी शिकलेली हवी होती, पण बेतानं. "वाद घालणारी नको," वकीलसाहेब म्हणाले, "तो माझा धंदा आहे."

पुढच्या स्थळाला व्यंकटरावांनी मुलगी मिडलपर्यंत शिकल्याचं सांगितलं. मुलगा स्वतः मिडल नापास निघाला. त्याच्या पुढच्याला चौथी सांगितली. परीक्षेला चार वर्षं राबलेली भानुमती बैठकीत बसल्या बसल्या खाली उतरत होती.

कन्नड गावच्या वच्छलाबाई मुलाला घेऊन आल्या तेव्हा व्यंकटराव दुसरीवर आले होते.

"लई शिकलेली नको बगा," वच्छलाबाई म्हणाल्या. "वाचता येतं का गं?"

"तुमच्या मुलाला येतं तेवढं येतं," भानुमती म्हणाली.

मुलानं मान खाली घातली. कांदेपोहे तसेच राहिले. पाहुणे गेल्यावर व्यंकटराव कडाडले, "आता तुला अडाणी म्हणून सांगू का?"

"सांगा ना नाना. फक्त मला तिथं बसवू नका."

पुढच्याच महिन्यात ती मुलींच्या शाळेत मास्तरीण झाली. पहिला पगार हातात पडला नि मॅट्रिकचा दोष एकदम गुण झाला. वकीलसाहेबांचा निरोप आला. वच्छलाबाईंनीही "पोरगी हुशार हाय, आमाला तवाच कळलं व्हतं" असं कळवलं. भानुमतीनं दोघांनाही नकार दिला.

सायकल दुकानवाला मुकुंद मात्र स्वतःच आला. ग्रीसचे हात शर्टाला पुसत उभा राहिला.

"माझं शिक्षण चौथी. तुमच्याएवढं आता व्हायचं नाय. चालंल का?"

"मी शाळेत जात राहणार."

"जा की. दुकान तरी कुठं बंद ठेवायचंय?"

खरं विचारणारा नि खरं सांगणारा तिला पहिल्यांदाच भेटला होता. तिला हसू आलं. तिनं होकार दिला. आई अनसूयाबाई दोन दिवस रडल्या, मग शालू काढायला उठल्या.

लग्नात एका पाहुण्यानं विचारलं, "जावई किती शिकलेत?"

"मॅट्रिक," व्यंकटराव म्हणाले. डोळ्याची पापणीही लवली नाही.

लग्नानंतर मुकुंदनं बायकोला सायकल शिकवली. नऊवारीचा काष्टा सावरत ती पैठण गेटाकडून शाळेला निघाली, तेव्हा ओट्यांवरच्या बायका, पानवाले, कचेरीतले कारकून सगळे थांबून बघत राहिले. शिकलेली होती इथवर ठीक, पण सायकल? त्या दिवसापासून तिच्या मॅट्रिकबद्दल कुणीही चकार शब्द काढला नाही. व्यंकटराव मात्र कचेरीला मागच्या गल्लीनं जायला लागले.