पाय अख्खेच हवेत

आमच्या विद्यानगरच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा दबकत येतो. त्या घरात मी, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला माणूस, बकऱ्याचे पाय घेऊन आलो. मुलीनं हट्ट केला असता तर आणले नसते. ती गप्प बसली होती, ते सोसवेना.

मुलगी हाताच्या शस्त्रक्रिया शिकते. एका रिक्षावाल्याचं बोट वाकवणारी आतली दोरी, म्हणजे टेंडन, तिनं शिवली होती. ती पुन्हा तुटली. तेव्हापासून हे काम सोडायचंच, असं तिच्या मनानं घेतलं. सरावाला बकऱ्याचे पाय चालतात, हे तिनं मागे कधीतरी सांगितलं होतं.

खाटकानं विचारलं, "काट के दूँ क्या साब?" मला तिथून सुटायची घाई. "हौ हौ," म्हणालो. घरी पिशवी उघडली तर सुपासाठी करतात तसे तुकडे. मुलगी कितीतरी दिवसांनी खळखळून हसली. मी मुकाट्यानं परत जाऊन अख्खे पाय आणले. बायकोनं स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

गॅलरीत वर्तमानपत्र पसरून ती टेंडन कापायची, शिवायची आणि मी प्रवासाच्या बॅगा तोलायच्या काट्यानं ओढून बघायचो. भीतीपोटी ती धागा करकचून आवळायची. मग टोकांचा गोळा व्हायचा. असा गोळा बोटातल्या अरुंद नळीतून सरकत नाही, हे मला सांगायची आणि पुढच्या खेपेला पुन्हा आवळायची. ठाऊक आहे तर करतेस कशाला, म्हणून मी वैतागलो. हळूहळू तिचा हात सैलावला. टोकं नुसती भिडवायची, धागा मात्र दोनाऐवजी चार पदरी पलीकडे न्यायचा आणि कडेनं बारीक टाका फिरवायचा. दोन पदरांची शिवण काटा जेमतेम हलला की उसवायची.

"बाबा, मुद्दाम हळू ओढताय तुम्ही."

खरंच होतं ते. पुन्हा तिचा चेहरा पडलेला मला बघवला नसता.

"जोरात ओढा. तुटायचं तर इथं तुटू दे."

मी होता नव्हता तेवढा जोर लावला. तिच्या मुठीतून पाय निसटला, पण शिवण टिकली.

तिनं त्या टाक्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "उद्या सरांना सांगते, पुढचं बोट मी शिवते."

हात धुवायचंही भान न राहता मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.