घरची परिस्थिती

“बाबा दारू पितात, असं लिही,” मॅडम म्हणाल्या.

बाबा समोरच उभे होते. दारात, खांद्यावर अदरकाचं पोतं. आयुष्यात त्यांनी दारूला हात लावलेला नाही. ते हसले. मोठ्या माणसांपुढे हसतात तसं.

सिविल लाइंसमधला बंगला. मॅडमचे यजमान सरकारी कंपनीत मोठे इंजिनिअर. मॅडम पुण्याच्या, पूर्वी कॉलेजात शिकवायच्या. झाशीच्या मराठी मंडळातल्या मुलांना त्या विद्यापीठांच्या अर्जात मदत करत. बाकीची मुलं त्यांना काकू म्हणत. मला मॅडम म्हणायला सांगितलं होतं.

मला हवं होतं ते विद्यापीठ फार थोड्यांना घेतं. अर्जासोबत स्वतःबद्दल निबंध लागतो, आणि एक शिफारस. शिफारस मॅडम देणार होत्या.

मी मंडईबद्दल लिहिलं होतं. आम्ही बरुआसागरहून अदरक आणतो, झाशीत विकतो. बाबा लाजाळू, म्हणून भाव मी करते. व्यापारी अदरकाचं बोट मोडतो, नाक मुरडतो, भाव पाडतो. त्याला तोंड कसं द्यायचं, ते लिहिलं होतं.

मॅडमनी सगळ्यावर पेन फिरवलं. “यात रडू कुठे येतं? अगं, तुमच्यासारख्यांना गुणांवर नाही घेत. दया आली तर घेतात. आईला मारतात, तेही लिही.”

“लिख दे बेटा,” बाबा म्हणाले. “मैडमना जास्त कळतं. माझं काय जातंय?”

मंडईत मी पटकन भडकते. बंगल्यात मी हळू आवाजात बोलले. अर्जाची मुदत संपत आली होती.

“बाबा पीत नाहीत. मी नाही लिहिणार.”

“मग शिफारसही दुसरीकडे शोध.”

शाळेतल्या गणिताच्या सरांनी शिफारस दिली. निबंध माझा होता तसाच पाठवला. पण मॅडमचंच खरं निघालं तर? मुलाखत ऑनलाइन झाली. मी काय बोलले, आठवत नाही.

निवड झाली. शिष्यवृत्तीही मिळाली.

लगेच मॅडमचा बाबांना फोन. मंडळाच्या गणपतीत सत्कार ठेवलाय. “आमचीच मुलगी हो! स्टेजवर घरची परिस्थिती सांगू दे तिला. तुम्हीही या. आणि नवे कपडे नकोत, रोजचेच घाला. बरं दिसतं.”

त्या मंडळात बाबांनी वर्षानुवर्षं सतरंज्या उचलल्या. तरी त्या संध्याकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून तयार झाले.

मी म्हणाले, जायचं नाही.

“एक बार तो बैठने दे कुर्सी पे,” बाबा म्हणाले.

मी गेले नाही. त्यांनाही जाऊ दिलं नाही. ते तसेच शर्टात खाटेवर बसून राहिले. अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.

आता विद्यापीठातून मेल आलाय. शिष्यवृत्ती देणाऱ्यांसमोर नव्या विद्यार्थ्यांनी आपापला संघर्ष सांगायचा आहे. फोटोसाठी आईवडिलांनाही आणायचं आहे. शिष्यवृत्ती गेली तर मी परत मंडईत. ती तर त्यांच्याच हातात आहे.

मला भीती वाटते. आईला सांगितलेलं नाही.

मी उत्तर लिहिलं: मी काय शिकणार आहे ते विचारा, हवं तितकं बोलेन. माझ्या घराबद्दल बोलणार नाही. आईवडील फोटोला येणार नाहीत.

पाठवलं.