साळूमावशीचं आमेन

साळूमावशी डोळे उघडे ठेवून प्रार्थना करायची. बाकीची मंडळी माना खाली घालून, डोळे मिटून उभी असायची आणि ही बाई ताठ मानेनं समोर बघत देवाशी बोलायची. समोर जे असेल ते. भिंत, बंद पंखा, कधी दानिएलरावांचं टक्कल. मला हे माहीत, कारण मीही एक डोळा किलकिला ठेवायचो. एकदा विचारलं तर म्हणाली, "डोळे मिटले की आपलंच तोंड दिसतंय बाबा. उघडे ठिवले की दुसऱ्याचं दिसतंय."

कागदावर तिचं नाव सालोमी. मिशनची प्रचारक बाई म्हणून तिनं उभी हयात परळीच्या अंगाच्या वस्त्या पायी तुडवल्या. बाळंतिणीजवळ बसायची, ऊसतोडीहून परतलेल्या बायांच्या पायांतले काटे काढायची, आणि मग सवड उरली तर येशूचं सांगायची. तपासणीला आलेल्या एका साहेबानं तिला विचारलं होतं, "बाई, तुमच्या कामानं किती लोक बदलले?" मावशीनं स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "एक बाई बदलायलीय साहेब. अजून पुरती बदलली न्हाई."

तिच्या प्रार्थनेत मोघम काही नसायचं. दुसरे म्हणायचे, सर्व आजाऱ्यांना आराम दे. ती म्हणायची, "प्रभू, शेख मामूची सून पाच दिस झाले तापानं पडलीय. पिंपळाच्या मागलं घर." पत्ता दिल्याशिवाय देव पोचेल यावर तिचा भरवसा नव्हता.

आमच्या घरातला कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. बाप मिशनच्या शेतावर गडी होता. अंबाजोगाईला राहून मी बी.ए. झालो, हे मी कुणी न विचारता सांगायचो, आजही सांगतो. गावी परतलो तेव्हा मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, पंचकमिटीनं मला सेक्रेटरी केलं. माझं अक्षर चांगलं होतं, आणि मिशनच्या शाळेत मास्तरची जागा मिळेल या आशेवर मी कुणाला नाही म्हणणार नव्हतो. पंचांचे प्रमुख दानिएलराव. त्यांनी या दोन्ही गोष्टी बरोबर हेरल्या होत्या.

मग तो दुष्काळ आला. गावातले आड आटले. मिशनच्या आवारातल्या विहिरीला तेवढं पाणी राहिलं. जुन्या कुठल्याशा दुष्काळात एका गोऱ्या पाद्र्यानं ती खोदून घेतली होती. खोदणाऱ्यांत आमचे पणजे होते, आज बौद्ध वस्तीत राहतात त्यांचे पणजे होते, शेख मामूच्या घरचेही होते. विहीर सगळ्यांची, असं कुणी लिहून ठेवलं नव्हतं, कारण लिहायची वेळच आली नव्हती. वेळ आली तेव्हा मी उलटं लिहिलं.

गावच्या सहकारी दूध संस्थेला पाणी हवं होतं. दुधाचे कॅन धुवायला, आणि खरं सांगायचं तर चेअरमनच्या गोठ्यातल्या संकरित गाईंना. त्या बदल्यात दानिएलरावांना संस्थेच्या संचालक मंडळावर खुर्ची. "आपल्या समाजाचा माणूस पयल्यांदा तिथं बसंल," एक पंच म्हणाले. मलाही अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. ठराव झाला. विहिरीवर जाळी आणि कुलूप. मंडळीच्या घरांना रोज दोन घागरी, उरलेलं पाणी संस्थेच्या टँकरला, इतरांना मज्जाव. किल्ली चर्चच्या पाळकसाहेबांकडे. मी तो ठराव वळणदार अक्षरात लिहिला. 'मज्जाव' हा शब्द माझाच.

बौद्ध वस्तीतल्या बाया आणि शेख मामूच्या पोरी नदीच्या कोरड्या पात्रात झिरा खणून वाटीनं पाणी भरू लागल्या. मावशी आपल्या दोन घागरी त्यांना देऊन यायची. एका सकाळी रिकामी घागर कमरेवर घेऊन ती माझ्या दारात उभी राहिली.

"सुमंता, ठराव तू लिवलास म्हनं."

"पंचांनी केला, मावशी. मी फक्त लिहिला."

"कावून लिवलास?"

"सेक्रेटरी आहे मी."

"असंल. माझ्या आज्याला लिवता येत न्हवतं," ती म्हणाली. "म्हणून त्यानं नुसती विहीर खोदली."

त्याच आठवड्यात पाळकसाहेबांनी पावसासाठी खास प्रार्थनेचा रविवार जाहीर केला. आमच्याकडे रीत अशी, की प्रार्थनेला सगळे उभे राहतात, कुणीही मोठ्यानं प्रार्थना करावी, आणि तो माणूस आमेन म्हणेपर्यंत कुणी बसायचं नाही, कुणी बाहेर जायचं नाही. दानिएलरावांनी आधी केली. मेघांचा स्वामी, करुणेचा सागर, सगळं झालं. मंडळी आमेन म्हणाली. मग मावशीनं सुरू केलं.

"प्रभू, पाऊस तुझ्या हातात हाय, तुला वाटंल तवा पाड. कुलूप आमच्या हातात हाय. जे आमच्या हातात हाय ते तुला मागायचं म्हंजी तुला गडी समजायचं. आधी मला बदल. दोन घागरी घेतल्या अन् गप बसले, मी बी त्यातलीच. पाळकसाहेबाला बदल. माणूस गरीब हाय, पर भितोय लई. दानिएलरावाला खुर्ची पायजे, तर दे, पर विहिरीवर मांडू देऊ नको. सुमंताला लिवता येतंय, त्याला वाचता येऊ दे. किल्ली साहेबाच्या उजव्या खिशात हाय. मी थांबले हाय."

आणि ती थांबली. आमेन म्हणाली नाही.

वर पत्रा तापलेला. माझ्या मानेवरून घाम पाठीत उतरत होता. दानिएलराव खाकरले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "आमेन."

"प्रभू, दानिएलरावाचं झालं," मावशी म्हणाली. "माझं न्हाई झालं."

मागून म्हातारा याकोबबाबा कुरकुरला, "अगं साळे, गुडघे गेले की माझे."

"प्रभू, याकोबाच्या गुडघ्याला बळ दे. पर बसू देऊ नको."

बायांच्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं. माझ्या मनात होतं की पुढं व्हावं, साहेबांना म्हणावं की द्या ती किल्ली, ठराव मी फाडतो. बी.ए. झालेला माणूस पायाच्या अंगठ्याकडं बघत उभा राहिला. शेवटी पाळकसाहेबच हलले. त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि ते दाराकडं चालू लागले. बाया त्यांच्यामागं निघाल्या. जाळी उघडली, निरोप वस्तीत गेला, शेख मामूच्या सुनेनं पहिली घागर वर ओढली. तेव्हा विहिरीच्या काठावर मावशी आमेन म्हणाली.

गोष्ट इथं संपली असती तर मला तिच्याबद्दल गोड लिहिता आलं असतं. मला संताप येतो तो पुढच्याचा. मावशी आवारात होती तोवर कुलूप लावायची कुणाची छाती झाली नाही. म्हणून पंचांनी मावशीलाच हलवलं. मिशननं आवारात दिलेली खोली तिनं सोडावी, असा ठराव झाला. 'वयोमान व प्रकृती लक्षात घेता त्यांना विश्रांती देण्यात यावी.' धडधाकट बाई, रोज दोन गावं चालणारी. हे वाक्यही माझंच. मास्तरच्या जागेचा कागद त्याच आठवड्यात निघायचा होता.

कागद तिच्या हातात मीच दिला. तिनं तो सावकाश, बोट फिरवत वाचला. "अक्षर लई सुंदर हाय रं तुझं," एवढंच बोलली. पत्र्याची पेटी घेऊन ती मांजरसुंब्याला भाचीकडं गेली. दुसऱ्या दिवशी विहिरीला कुलूप लागलं.

पाऊस पडायच्या आधीच ती वारली. तिकडं ती ढाब्यांच्या मागच्या वस्तीत बायांना घेऊन प्रार्थनेला बसायची, असं भाची म्हणाली. पंचांनी मयत गावी आणली. ज्यांनी तिला हाकललं त्यांनीच तिला खांदा दिला. विहिरीपलीकडच्या दफनभूमीत माती टाकून झाली आणि दानिएलरावांनी प्रार्थना धरली. या थोर प्रार्थनाशील भगिनीसाठी आम्ही तुझे आभार मानतो. हिच्या आदर्शावर चालायला आम्हाला शिकव. आवाज भरून आला होता त्यांचा. मंडळीच्या माना खाली होत्या.

मी डोळे उघडे ठेवले. समोर जाळी होती, कुलूप होतं, पाइप टाकून उभा असलेला टँकर होता. कुंपणाबाहेर बौद्ध वस्तीतल्या बाया उभ्या होत्या. मावशीला शेवटचं बघायला आल्या होत्या, आणि त्यातल्या दोघींच्या कमरेवर रिकाम्या घागरी होत्या.

"आमेन," दानिएलराव म्हणाले. सगळे आमेन म्हणाले.

"प्रभू, माझं न्हाई झालं," मी म्हणालो. आवाज फाटला, पण निघाला. "ते दोन्ही ठराव मी लिवलेत. किल्ली साहेबाच्या उजव्या खिशात हाय. मी थांबलोय."

दानिएलरावांनी माझ्याकडं बघितलं. माझी नोकरी त्या बघण्यात गेली, ते मला तिथंच कळलं. पण आमच्याकडं रीत आहे, आमेन झाल्याशिवाय कुणी हलत नाही. उन्हात, तिच्या मातीभोवती, सगळे उभे राहिले.