तुमच्याकडे काय सांडतं?

माझी वहिनी लोकांची घरं सजवते. हौस म्हणून नाही, हा तिचा धंदाच आहे. लोक तिला घरी बोलावतात, भिंती दाखवतात, "देखणं पण टिकाऊ असं काहीतरी हवंय," म्हणतात आणि वहिनी पहिला प्रश्न टाकते, "तुमच्याकडे काय सांडतं?"

लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. बिचारे आवडता रंग पाठ करून बसलेले असतात. मग घरची बाई म्हणते, "छे हो, आमच्याकडे काही सांडत नाही!" आणि नेमकं तेव्हाच आत काहीतरी खळ्ळकन फुटतं.

वहिनीचं म्हणणं असं की माणसं राहणार म्हणजे सांडणार. मग सोफा सांडणं गृहीत धरूनच निवडायचा. एका घरी कुत्रा होता, तर ही बाई त्याचे केस पिशवीत भरून कापडाच्या दुकानात गेली आणि ताग्यांवर ठेवून रंग जुळवत बसली. दुकानदार चार पावलं मागे सरकला म्हणे. पण त्या घरात आता कुत्रा दिवसभर सोफ्यावर लोळतो आणि पाहुण्याला केस दिसत नाहीत. कधीकधी कुत्राही दिसत नाही, पाहुणे त्याच्यावर बसतात.

आणि जळ्ळं मेलं, घर दिसतं मात्र सुरेख! टेबलांचे कोपरे गोल, भिंतीचा खालचा भाग असा रंगवलेला की खडूच्या रेघोट्या ओल्या फडक्यानं जातात, सोफ्याचे पाय उंच, खालून झाडू सरळ पलीकडे. मी कितीतरी घरं बघितली तिची. नाक मुरडायला गेले आणि नाक तसंच सरळ घेऊन परत आले.

प्रत्येक कापडाची परीक्षा आधी तिच्या स्वतःच्या घरी होते. दादाला आणि तिला जुळी आहेत. आम्ही त्यांना वादळ आणि वारा म्हणतो. त्यांच्या हातात जॅम लावलेला पाव द्यायचा आणि कापडावर सोडायचं, ही पहिली परीक्षा. दुसरी परीक्षा म्हणजे दादा. दादा बसत नाही, कोसळतो. त्याच्याखाली जो सोफा टिकला, तो कुठेही टिकतो.

एवढं सगळं असून आमच्या आईनं तिला आपल्या घरातल्या खिळ्यालाही हात लावू दिला नव्हता. आईच्या हॉलमध्ये मी शाळेत असल्यापासूनचा सोफा होता, आणि त्याच्यावर दुकानातून आलं तेव्हाचंच प्लॅस्टिक. बसलं की चर्र व्हायचं, उठलं की फुस्स. उन्हाळ्यात तर पोटऱ्या अशा चिकटायच्या की उठताना ओरडावं लागे. आई स्वतः त्याच्यावर कधी बसली नाही. ती दारात उभी राहून "पाय खाली, हात खिशात" एवढंच सांगायची. शेवटी जुळी म्हणायला लागली, "आजीकडे नको. तिकडे हात खिशात ठेवावे लागतात." आजीकडे जायची वेळ आली की एकाचं पोट दुखायचं आणि दुसऱ्याचं दुखणाऱ्याला बघून दुखायचं.

हे वहिनीला फार लागलं. जगाच्या पोरांना लोळायला जागा करून देते आणि आपली पोरं आजीच्या दारातून परत फिरतात, म्हणून एकदा माझ्यासमोर रडली सुद्धा.

मग एके दिवशी दादा त्या सोफ्यावर कोसळला आणि पाय मोडला. सोफ्याचा. आईनं कपाळाला हात लावला. तो सोफा 'दुरुस्त होईपर्यंत' माझ्या गॅलरीत येऊन पडला, प्लॅस्टिकसकट. माझे कपडे वाळत घालायचे वांधे झाले, ते कोणी विचारलं नाही.

वहिनी आईपुढे बसली आणि तिनं नेहमीचा प्रश्न विचारला. "आई, तुमच्याकडे काय सांडतं?"

"माझ्याकडे काही सांडत नाही," आई म्हणाली. "सांडायला येतंय कोण?"



आई हॉल नव्यानं करून घ्यायला कबूल झाली, पण अट घातली. तिच्या वाढदिवसाला मैत्रिणी येणार होत्या, जुळीही येणार होती. त्या संध्याकाळी सोफ्यावर एक जरी डाग पडला, तर दुसऱ्या दिवशी जुना सोफा दुरुस्त करून परत आणायचा. प्लॅस्टिकसकट. आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही.

वहिनीनं जीव ओतून हॉल केला. मातकट, उबदार रंगाचा सोफा, पोरांच्या बुटांच्या चिखलाशी जुळवून घेतलेला. गाद्यांचे अभ्रे चेन लावलेले. सरबत, चिखल, खडू, जॅम, सगळ्यांचा विचार झाला. आई रोज दारात येऊन लांबून बघायची आणि "बघू," म्हणायची.

वाढदिवसाची संध्याकाळ आली. मैत्रिणी यायच्या आधी आम्ही पोचलो तर काय, आई चक्क सोफ्यावर बसलेली! डाव्या कोपऱ्यात, ताठ, हात मांडीवर. मी तोंडात बोट घातलं. वहिनीला तर आभाळ ठेंगणं झालं.

दादा ओलं फडकं घेऊन जुळ्यांच्या मागे धावत होता. पण जुळी कधी नव्हे ती शहाण्यासारखी वागत होती. मैत्रिणी आल्या, हॉल बघून अगंबाई-अगंबाई झालं. आई जागची हलली नाही. बेल वाजली, उठली नाही. केक टेबलावर ठेवला, तर म्हणाली, "इकडेच आणा." ताटलीत केक घेऊन मी तिच्यासमोर वाकून उभी राहिले आणि तिनं बसल्या जागी कापला. फोटोसाठी बोलावलं तर म्हणाली, "तुम्हीच या सगळ्या माझ्याभोवती."

तिची एक मैत्रीण निवृत्त नर्स. ती आईचा गुडघा दाबायला लागली. "इथे दुखतं? इथे?"

"कुठेही दुखत नाही! सोड!" आई खेकसली.

हे ऐकून वहिनीचा चेहरा पडला. तिनं मला स्वयंपाकघरात ओढलं. "ताई, माझी चूक झाली गं! सोफा बुटका झालाय. आईंना उठता येत नाहीये, आणि त्या माझ्यासाठी बोलत नाहीत!"

"अगं, तसं नसेल," मी म्हणतेय, तोवर ही बया पर्समधून मोजायची टेप काढून हॉलमध्ये! सगळ्यांदेखत आईच्या गुडघ्यापासून टाचेपर्यंत माप घेतलं आणि दादाला हुकूम सोडला, "गाडीतून लाकडी ठोकळे आण."

"मला काही झालेलं नाही!" आई ओरडली.

"आई, तुम्ही फक्त बसून राहा."

"बसलेच आहे!"

एका बाजूला दादा, दुसरीकडे मी आणि नर्सबाई. वहिनी खाली आडवी, ठोकळे सरकवायला तयार. "उचला!" म्हणाली आणि आम्ही आईसकट सोफा उचलला. आई "अरे! अरे! अरे!" करत दोन्ही हातांनी गादीला धरून बसली. आता दादाची ताकद आणि माझी ताकद यात फरक आहे की नाही? त्याची बाजू गेली वर, माझी राहिली खाली, आणि आमची आई, जिनं आयुष्यभर कोणाला घसरगुंडी खेळू दिली नाही, ती सुळ्ळकन घसरत माझ्या टोकाला आली.

आणि जिथे ती बसली होती, तिथे बशीएवढा चहाचा डाग.

वादळ किंचाळलं, "आजीनं सांडलं!" वारा नाचायलाच लागला. "आजीनं सांडलं! आजीनं सांडलं!"

आई लालबुंद झाली. म्हणाली, "अट पोरांच्या डागाची होती. माझ्या नाही."

मग डागाकडे बघत बोलायला लागली. "तुम्ही यायच्या आधी म्हटलं, एकदा बसून चहा पिऊन बघावा. हात हलतो माझा. आजच नाही, पहिल्यापासूनच. म्हणून तर मी नेहमी अर्धाच कप घेते, तोही ओट्याशी उभी राहून. सोफा पोरांपासून कशाला झाकेन? माझ्यापासून झाकला होता."

मी लहानपणापासून आईला ओट्याशी उभं राहून चहा पिताना बघतेय. मला वाटायचं, तिला घाई असते.

वहिनी जमिनीवरून उठली, केसांत धूळ तशीच. "मी सगळ्या जगाला विचारते काय सांडतं," ती म्हणाली, "आणि तुम्हाला नीट विचारलंच नाही." तिनं गादीची चेन सर्रकन उघडली, अभ्रा काढला आणि दादाच्या हातात दिला. "मशीनमध्ये टाक."

आई बघतच राहिली. "निघतं होय हे?"

"मी सांगितलं होतं तुम्हाला."

"तू सांगतेस खूप. मी ऐकत नव्हते."

अभ्रा धुऊन, वाळून परत चढला तेव्हा डागाचा मागमूस नव्हता. जुना सोफा अजून माझ्याच गॅलरीत आहे आणि त्याच्यावरून मी रोज आरडाओरडा करते, पण तो विषय वेगळा.

त्या संध्याकाळी मात्र उघड्या गादीवरच जुळी आजीच्या दोन बाजूंना जाऊन चिकटली, बुटांसकट. आईनं बुटांकडे बघितलं. आणि दोघांना आणखी जवळ ओढलं. वहिनी तिच्यासमोर बसली आणि हळूच म्हणाली, "आई, तुमच्याकडे काय सांडतं?"

"चहा," आई म्हणाली. "आणि मीच सांडते. जा, एक कप घेऊन ये. काठोकाठ भर."