धुतलेली गिट्टी

दिवाळीनंतर आठवड्याभरात आमचा तांडा जवळजवळ रिकामा होतो. ऊसतोडीचे ट्रक येतात. आधी बैल चढवतात, मग भांडी, मग माणसं. मागे राहतात म्हातारी माणसं आणि दारांवरची कुलपं. गेल्या वर्षी मीही मागे राहिले. मी पुसदच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. पहिल्या वर्षी आत्याकडे राहून शिकले, पण त्या वर्षी आत्याही टोळीबरोबर गेली. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे मुलीने एकटीने घरी राहून शिकावं की नाही, हे कुणाला धड ठरवता येत नव्हतं.

शेवटी बाने ठरवलं. ट्रकच्या मागच्या फळीला हात लावून तो म्हणाला, "होळीले तुही याडी येईन. घर पाहीन, तुले पाहीन. नीट राह्यली तं पुढच्या सालीही राह्य. नाई तं मंग आमच्यासंगं चाल."

आम्ही बंजारा, घरात गोरबोलीत बोलतो, याडी म्हणजे आई. इथे मी त्यांचं बोलणं आमच्याकडच्या मराठीत लिहिते आहे. बाच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच ते खरं वाटलं.

त्याच महिन्यात कॉलेजात सरांनी प्रकल्पाचे विषय दिले. मी घेतला तो असा: खाली टाकीत मासे, वर गिट्टीत भाजी. माशांची घाण पाण्याबरोबर वर जाते, गिट्टीवर राहणारे जिवाणू तिचं भाजीसाठी खत करतात आणि स्वच्छ झालेलं पाणी परत माशांवर पडतं. मी वहीत आकृती काढली, बाण काढले. खरं सांगायचं तर मला भाजीचं फार काही नव्हतं. अंगणात काहीतरी हलणारं हवं होतं.

घरामागे दोन निळे ड्रम होते. एक तसाच ठेवला. दुसरा गावातल्या वेल्डरकडून उभा कापून आणला आणि त्याचा अर्धा भाग विटांवर आडवा बसवला. न्हाणीघरासाठी आणून ठेवलेली बारीक गिट्टी त्यात भरली. पाणी वर चढवायला कूलरची मोटार काढली, थंडीत कूलर तसाही बंदच होता. पहिल्यांदा पाणी वर चढून गिट्टीतून खाली ड्रममध्ये पडलं तेव्हा मी एकटीच हसले आणि मग आजूबाजूला पाहिलं.

शेजारची काकी तेवढी पाहत होती. तिची मुलं-सुना ट्रकवर गेलेली. ती रोज एकदा माझ्याकडे डोकावायची.

"काय वं, गिट्टी भिजवून राह्यली? उगवते का गिट्टी?"

"काकी, मासे आणायचे आहेत."

"मंग आण ना. कायले खोळंबली?"

सरांनी सांगितलं होतं की पाणी आधी पिकलं पाहिजे. जिवाणू गिट्टीवर यायला काही आठवडे लागतात, तोवर मासे टाकायचे नाहीत, फक्त चिमूटभर खाद्य टाकायचं. मी रोज टाकायचे. काकी रोज विचारायची, "मासे नाईत अन् चारा चालू हाय. कोण खाते, तुह्या सासरचे?"

मासे मी धरणावरच्या मासेमारांकडून आणले. चिलापीची बोटाएवढी पिल्लं, मोजून वीस. एसटीत मांडीवर पाण्याची पिशवी धरून बसले होते. कंडक्टर म्हणाला, "एवढ्या पोरायचं अर्धं तिकीट लागंन बरं." सगळी एसटी हसली, मीही हसले, पण पिशवीवरचा हात काढला नाही. घरी येऊन पिशवी तासभर ड्रममध्ये तरंगत ठेवली आणि मग तोंड उघडलं. ती लगेच बाहेर आली नाहीत. पिशवीतच घोळका करून राहिली. मग एक निघालं आणि बाकीची त्याच्यामागे. वर गिट्टीत मी मेथी पेरली.

त्यानंतरचे दोन महिने मला आज कुणी विचारले तर मोटारीचा आवाज आठवतो. सकाळी डबा, एसटी, कॉलेज. संध्याकाळी परत तांड्यात शिरले की दोन्ही बाजूंनी बंद दारं. मी पाऊल जोरात टाकत नसे, का ते माहीत नाही. घराच्या वळणावर मोटारीचा घर्रर्र ऐकू आला की बरं वाटायचं. लाइट गेलेली असली की तो नसायचा, आणि मग मी दप्तरही न ठेवता मागे जाऊन हाताने तांब्या तांब्या पाणी वर ओतायचे. मासे माझ्या सावलीनेच वर यायचे. त्यांना मी खाद्य देणारी, एवढंच कळत असणार. पण दिवसभरात माझ्यासाठी कुणी येत होतं ते तेवढंच.

रोज संध्याकाळी याडीचा फोन. "जेवली? कडी लावली?" मी सांगायचे, "जेवले. लावली. वीसच्या वीस आहेत." पलीकडे फडातली गडबड ऐकू यायची, बायका, बैल, कुणाचं तरी पोर. फोन तीच आधी ठेवायची.

होळीच्या आठ दिवस आधी ती म्हणाली, "शनिवारी येते."

मी घर काढलं. आमच्याकडे होळीच्या आधी सगळं घर बाहेर येतं. भांडी राखेने घासायची, गोधड्या धुवायच्या, आणि जे जे धुतलं ते कडक उन्हात वाळवायचं. याडी दारात आली की आधी हंड्याच्या आत हात फिरवते. बुळबुळीत लागलं तर बोलत नाही, हंडा उचलून माझ्यापुढे ठेवते. मी सगळं केलं. भिंती सारवल्या, हंडे चमकवले. मग मागे गेले आणि मला गिट्टी दिसली. तपकिरी, चिकट, वास येणारी. याडी यात हात घालणार, असं मनात आलं.

मासे बादल्यांत काढले. मेथी उपटून घेतली. सगळी गिट्टी घमेल्या-घमेल्याने नळाखाली चोळून धुतली, निवळ पाणी निघेपर्यंत. ड्रम आतून नारळाच्या काथ्याने घासला. गिट्टी दिवसभर ताडपत्रीवर उन्हात पसरली. संध्याकाळी सगळं परत भरलं आणि माझं कंबरडं मोडलं होतं, पण ते इतकं स्वच्छ दिसत होतं की मी फोटो काढून याडीच्या फोनवर पाठवला.

सहामाहीच्या पेपरात मी लिहिलं होतं की या पद्धतीचा जीव गिट्टीवरच्या चिकट थरात असतो. पूर्ण मार्क मिळाले होते.

तिसऱ्या दिवशी मासे वर येऊन तोंडं उघडत होते. मी खाद्य टाकलं, त्यांनी खाल्लं नाही. दुपारी दोन मासे उलटे झाले. मी सरांना फोन केला.

सरांनी एकच विचारलं, "काही बदललंस का?"

मी म्हणाले, "नाही सर."

का म्हणाले ते मला तेव्हाही माहीत होतं. इतकं शिकूनही हिने गिट्टी धुतली, असं ते म्हणतील. एवढ्यासाठी मी एक पूर्ण दिवस घालवला. सर बिचारे मोटार तपास, सावली कर, असं सांगत राहिले आणि मी ते करत राहिले. दुसऱ्या सकाळी आणखी सात मेले होते. मी त्यांना लिंबाखाली पुरत होते तेव्हा काकी आली.

"काय झालं वं?"

"काकी, मी गिट्टी धुतली."

"मंग? चांगलंच केलं ना."

तिला समजावताना मला रडू आलं. म्हटलं, ती घाण नव्हती, तेच जिवंत होतं. "मले काई समजलं नाई," काकी म्हणाली, "पण सरले सांग. मले सांगून काय होते?"

मी फोन लावला आणि सांगितलं. सर रागावले नाहीत. खाद्य बंद कर, म्हणाले, रोज थोडं पाणी बदल, नळाचं असेल तर दोन दिवस उघडं ठेवलेलं. आणि जिथे पाणी कुणी हलवलेलं नाही, अशा ठिकाणचे शेवाळलेले दगड मिळाले तर गिट्टीत टाक.

तसं ठिकाण एकच होतं. तांड्याच्या वेशीवरचा बैलांचा हौद. एरवी बैल पीत असतात, कुणी ना कुणी तो घासतं. बैल ट्रकवर गेल्यापासून तिथे कुणी फिरकलं नव्हतं. तळाचे दगड हिरव्या-काळ्या थराने जाड झाले होते. मी घमेलं भरून दगड आणले. ओझं जड होतं आणि पाणी मानेवरून गळत होतं. रस्त्यात सगळी कुलपं होती. कुणी असतं तर विचारलं असतं, काहून नेते. आणि कुणी असतं तर हौद असा राहिलाच नसता.

तरी आणखी चार मेले. शनिवारी याडी आली तेव्हा सात मासे उरले होते.

ती उन्हाने काळी पडली होती, तळहात फुटले होते. हंड्यात हात फिरवला, हंडा जागेवर ठेवला. मग मागे गेली. माझ्या फोटोतल्या लखलखीत गिट्टीच्या जागी शेवाळाचे दगड पाहून तिने पदर खोचला. "हे काय घाण ठेवली?" म्हणत हात पुढे केला.

"याडी, हात नको लावू."

मी तिला असं कधी बोलले नव्हते. तिचा हात तसाच थांबला. तिच्या सावलीने मासे वर आले, आणि ती वाकून मोजू लागली.

"वीस सांगत होती ना?"

मी सगळं सांगितलं. फोटो तिच्यासाठी काढला होता, सरांशी खोटं बोलले, हेही. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाले काय सांगू?"

"सात सांग."

चार दिवस ती राहिली. लेंगी, म्हणजे होळीची गाणी, गाणाऱ्या बायका त्या वर्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, त्यांच्यात गायली. दगडांना तिने हात लावला नाही. जाताना पुढच्या वर्षाबद्दल काही बोलली नाही आणि मला विचारायचं धैर्य झालं नाही.

ती गेल्याच्या दुसऱ्या संध्याकाळी फोन आला. याडीचा असेल म्हणून उचलला, तर बा होता. तो फोनवर कधी बोलत नाही.

"सात हाय ना?"

"आहेत."

"तो आवाज कायचा येते?"

"मोटारीचा. कूलरची आहे."

"लई घरघरते. हे साल काढ हिच्यावर. पुढच्या सालसाठी दुसरी पाहू."

त्याने फोन ठेवला नाही. मग म्हणाला, "फोन जरा तिकडं धर." मी मागे जाऊन ड्रमवर वाकले आणि फोन पाण्याच्या धारेजवळ धरला.