इंदूबाईचं जांभूळ, मानीबाईचा डबा

बोरी अरबला आमच्या विहारामागच्या गल्लीत फ्रिज पाच-सहा घरांत आहेत, पण बर्फ जमवणारा फ्रिज एकच, आणि तो माझा. माझा म्हणजे त्याच्या पावतीवर माझं नाव आहे एवढंच. बाकी त्यात कुणाची दुधाची पिशवी, कुणाचं इडलीचं पीठ, कुणाच्या व्यालेल्या म्हशीचा चीक. मला थंड पाणी प्यायचं असेल तर आधी चार जणांची भांडी बाहेर काढावी लागतात. बायको उज्ज्वला म्हणते, "असू द्या ना, फ्रिज काय झिजते?" ती अशी, मी असा. म्हणूनच संसार टिकला असावा.

गेल्या वर्षी तर कहर झाला. पुदिन्याची चटणी समजून मी कुणाची तरी भिजवलेली मेंदी भाकरीला लावून खाल्ली. दोन घास पोटात गेल्यावर कळलं. त्या दिवशी मी फ्रिजच्या दारावर हात आपटून कायदा केला की नाव नसलेलं भांडं आत राहणार नाही, आणि भांडं परत जाईल ते त्याच्यावरच्या नावाच्या माणसाकडेच. एसटीत कंडक्टर म्हणून उभं आयुष्य काढलेला माणूस आहे मी. गाडीत विसरलेली छत्रीसुद्धा मी कधी चुकीच्या हातात दिली नाही.

हा कायदा सगळ्यांनी मुकाट्याने मानला. एकट्या इंदूबाईने तेवढं विचारलं, "हात धुतले काय, भाऊ?"

इंदूबाई आमच्या उजव्या हाताची शेजारीण. अंगणवाडीत मदतनीस होती. निवृत्त होऊन बराच काळ लोटला, पण अंगणवाडी तिच्यातून गेली नाही. समोरचा माणूस सरपंच असो की जावई, ती त्याचं नाक पुसायच्या तयारीतच बोलते. मालक गेल्यापासून घरात एकटी असते, पण आवाज दहा माणसांचा. माझ्याच घरात येऊन, माझ्याच फ्रिजला हात लावायच्या आधी मला हात धुवायला लावणारी ती एकमेव बाई.

तिच्या अंगणात जांभळाचं झाड आहे. झाड तिचं, पण त्याची सगळ्यात लदबदलेली फांदी कुंपणावरून पलीकडे मानीबाईच्या अंगणात जाते. मानीबाई तिची जिवाभावाची मैत्रीण. दोघी तरुणपणापासून त्या फांदीखाली बसून जांभळं खायच्या आणि जीभ काढून एकमेकींना दाखवायच्या. नातवंडं झाली तरी जीभ दाखवणं सुटलं नव्हतं.

मग गेल्या आषाढ पौर्णिमेचा तो प्रसंग घडला. विहारात वर्षावासाची सुरुवात. मानीबाईने नवंकोरं पांढरं लुगडं धुऊन फांदीखालच्या तारेवर वाळत घातलं. वारं सुटलं आणि झाडाने काय करायचं ते केलं. पांढऱ्या लुगड्यावर जांभळाचे डाग म्हणजे जन्माची सोबत. मानीबाई म्हणाली, "फांदी तोड." इंदूबाई म्हणाली, "तार हलव." फांदी तुटली नाही, तार हलली नाही, बोलणं मात्र तुटलं. वंदनेला दोघी विहारात दोन टोकांना बसू लागल्या.

पण इंदूबाईला गप्प राहणं जमतं थोडंच! ती झाडाशी बोलायची. "काय रे झाडा, काही लोकायले आपली तार राजवाड्याची वाटते, नाई?" पलीकडून मानीबाई खराट्याला सांगायची, "झाड बोलते म्हणून ऐकू नोको, बाप्पा. त्याले वळण नाई लावलं कोणी." असं वर्षभर चाललं. पण याला बोलणं म्हणायचं नाही, असं दोघींनी ठरवलेलं होतं. जी पहिल्यांदा थेट दुसरीशी बोलेल ती हरली.

या उन्हाळ्यात बातमी आली की मानीबाईचा मुलगा अतुल तिला अमरावतीला न्यायला येतोय. आईचे दात हिवाळ्यात काढून टाकलेले, कवळी काही तिला मानवेना, नुसत्या कण्या आणि वरण खाऊन राहते, म्हणून तो तिला आपल्याजवळच ठेवणार. रविवारी निघायचं ठरलं. सामान बांधलं जाऊ लागलं. मी इंदूबाईला म्हटलं, "मानीबाई चालली म्हणते." ती म्हणाली, "जाऊ दे ना. मले काय करा लागते?" आणि अंगण झाडायला लागली. झाडलेलं अंगण पुन्हा झाडलं. आतून तिला काय होत होतं ते आंधळ्यालाही दिसलं असतं. एकदा ती बाई गाडीत बसली की फांदीखाली कोण बसणार?

त्याच आठवड्यात तिने जांभळाचा बर्फ करायला घेतला.

नागपूरच्या नातीने, सुरभीने, तिला फोनवर दाखवला होता. फळाचा गर गोठवायचा आणि चमच्याने खरवडून खायचा. सुरभीकडे त्याला काहीतरी फॅशनचं नाव आहे, इंदूबाईने ते ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. एका दुपारी मी जरा आडवा झालो होतो तेवढ्यात ती पातेलं घेऊन हजर. हात कोपरापर्यंत जांभळे.

"एवढ्या बिया काढत बसली काय?" उज्ज्वलाने विचारलं.

"एकही बी राहाले नाई पायजे," ती म्हणाली. पिकलेली जांभळं मिठाच्या पाण्यात धुवून, हाताने कुस्करून, चाळणीवर घासघासून तिने गर काढला होता. त्यात साखरेचा गार केलेला पाक, लिंबू आणि चिमूटभर काळं मीठ.

पहिल्या खेपेला तिने सगळं एकदम फ्रिजरमध्ये ठेवलं आणि संध्याकाळी काढलं. दगड! चमचा वाकला. मग वरवंटा आणला. मी म्हणत होतो थांब थांब, तोवर तिने हाणला. एक तुकडा उडून आमच्या चुन्याच्या भिंतीवर बसला. तो डाग अजून आहे, आलेल्या-गेलेल्यांना मी दाखवतो. दुसऱ्या खेपेला तिने साखरेचा हात सैल सोडला, तर ते जमायलाच तयार नाही. आम्ही सरबत म्हणून पिऊन टाकलं. सुरभीने फोनवर सांगितलं की आजी, अधूनमधून काढून ढवळायचं असतं. झालं! मग इंदूबाई माझ्या फ्रिजची नर्सच झाली. कडेने बर्फ धरला की डबा काढायचा, काट्याने मोडायचा, परत आत. माझी दुपारची झोप त्या काट्याच्या खरखरीत गेली.

शनिवारी जमलं. भुसभुशीत, गर्द जांभळं, जिभेवर ठेवलं की विरघळून जायचं आणि मागून लिंबाचा चटका. मी दोनदा घेतलं. ती माझ्या तोंडाकडे बघत उभी होती.

"चावा लागते काय?"

"कायले चावा लागते? आपोआप विरघळते."

"दाताची गरजच नाई ना?"

"नाई बा."

तिचा चेहरा असा फुलला की मला वाटलं माझ्या कौतुकानेच. "तू पण घे ना," मी म्हटलं. "मी केलं, मले काय चव पाहाची!" असं म्हणून तिने उरलेलं एका झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरलं, फ्रिजरमध्ये ठेवलं आणि गेली.

संध्याकाळी मी बर्फाचा ट्रे शोधत होतो. एक स्टीलचा डबा आडवा आला. तसे चार डबे तिथे कायमच असतात, कुणाचा कोणता ते मी नावावरूनच ओळखतो. झाकणावर, आपल्याकडे आहेराच्या भांड्यावर ठोकतात तसं, ठोकलेलं नाव होतं: आयुष्मती मानीबाई. माझ्या डोक्यात एकच विचार आला. बाई उद्या सकाळी गाव सोडून चालली आणि डबा इथे विसरली! मी चप्पल घातली, डबा उचलला आणि थेट तिच्या दारात गेलो. घरात बोचकी बांधलेली, चूल थंड. "हा तुमचा डबा," मी म्हटलं, "जागा अडवून राह्यला होता." मानीबाईने नाव पाहिलं. झाकण उघडलं. आत पाहिलं. मग "बरं" म्हणाली आणि झाकण लावलं. मी छातीवर बिल्ला असल्यासारखा घरी परतलो.

थोड्या वेळाने इंदूबाई आली, फ्रिजर उघडला आणि तशीच वाकलेली राहिली.

"डबा?"

"ज्याचा त्याले देऊन आलो."

"कोणाचा कोणाले?"

"नाव होतं ना त्याच्यावर. मानीबाईचं."

"अहो भाऊ!" इंदूबाईचा आवाज चढला. "थे देणाऱ्याचं नाव असते! घर बांधलं तवा तिनं आहेर देल्ता मले! तुमच्या घरातल्या भांड्याइवर कोणाची नावं हायेत, पाह्यलं काय कधी?"

मी मांडणीकडे पाहिलं. ताटांवर मेव्हण्याचं नाव, तांब्यावर आत्याचं, पातेल्यावर तर अख्ख्या दारव्हा डेपोचं. माझ्या कायद्याने चाललं असतं तर रात्रीचं जेवण मला ओंजळीत घ्यावं लागलं असतं.

"आता थे म्हणन की मीच आधी धाडलं," इंदूबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "वर्षभर दम धरला मी. शेवटच्या दिवशी तुमी मले हरवलं." आणि दार आपटून गेली. दार माझंच.

जेवताना मी कुरकुरलो, "एवढं काय झालं? थे सोताच खाणार होती ना, पुन्हा करून घेईल."

उज्ज्वलाने माझ्याकडे असं पाहिलं की मी घास खाली ठेवला. "इंदूबाईचे दात शिवशिवते. माठातलं पाणी बी थे कोमट करून पिते. थंड कधी खाते काय थे? अन् घरात डब्यायची रांग हाय तिच्या, त्यातला हाच कसा काय घेतला?"

"मंग चिडली काहून?"

"द्यावं का न द्यावं, थे तिचं ठरून नव्हतं राह्यलं. तुमी ठरवून टाकलं."

सकाळी दारव्ह्यावरून अमरावतीला जाणाऱ्या गाडीच्या वेळेला मी स्टँडवर गेलो. जुनी सवय आहे, गाडी वेळेत सुटते की नाही ते बघावंच लागतं. अतुल टपावर बोचकी चढवत होता. इंदूबाई स्टँडच्या दुसऱ्या टोकाला पानटपरीजवळ उभी होती, जणू पान घ्यायला आलीय. तिने जन्मात पान खाल्लेलं नाही.

मानीबाई गाडीत चढली नाही. हातात तोच डबा घेऊन ती सरळ टपरीकडे चालत आली आणि इंदूबाईसमोर उभी राहिली. मग तोंड उघडलं. दात नव्हतेच. होती ती जीभ, निळीजांभळी, मुळापर्यंत.

"मीठ जास्त झालं वं," ती म्हणाली.

इंदूबाई माझ्याकडे वळली. चेहऱ्यावर सूर्य उगवला होता. "पाह्यलं ना, भाऊ? थेच आधी बोलली! तुमी साक्षीदार!" मग तिच्याकडे वळून, "मीठ जास्त झालं त संपवलं कायले?"

"फेकाचं होतं काय? घे तुहा डबा."

इंदूबाईने डबा घेतला. आपल्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत देत नाहीत. चिमूटभर साखर का होईना, आत घालतात. पण मानीबाईच्या घरात काल मी पाहिलं होतं, साखरेचा दाणा उरला नव्हता. सगळं बांधून झालेलं. डब्यात काहीतरी खुळखुळलं.

इंदूबाईने झाकण काढलं. आत घराची किल्ली होती.

"घरात दुसरं काई नव्हतं," मानीबाई म्हणाली. "अन् तार हलवली मी. काल सांजच्यालाच. आता पडू दे किती पडते थे."

इंदूबाईने किल्ली बोटांनी चाचपली. दहा माणसांचा तो आवाज कुठे गेला कोण जाणे. मी उगाच ड्रायव्हरला ओरडलो, "अजून टाइम हाय, थांब!"

"कायची चालली तू?" शेवटी ती बारीक आवाजात म्हणाली. "किल्ली देऊन कोणी कायमचं जाते काय?"

"कायमचं कोण म्हणे? अतुल म्हणते. आषाढ पौर्णिमेले येतो मी. विहारात जाले पांढरं लुगडं लागन ना, थे घरातच ठेवलं हाय. डागाचंच."

अतुलने हाक मारली. मानीबाई चढली, खिडकीशी बसली. गाडी हलली तशी इंदूबाई खिडकीच्या गजाला धरून चार पावलं चालली, एका हातात डबा, त्यात किल्ली वाजतेय.

"धुऊन ठेवीन," ती ओरडली. "घरातच वाळवीन, पंख्याखाली!"