बॅटरी घरात आली

टेलिफोन एक्स्चेंजच्या तळघरात तिने एकतीस वर्षं बॅटऱ्या सांभाळल्या. वरच्या मजल्यांवरच्या लोकांना तिचं नाव माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायची गरजही वाटली नाही. ती सगळ्यांची ॲसिडबाई होती. जिन्यात कुणी भेटलंच तर मान हलवून जरा बाजूने जायचं, कारण तिच्या कपड्यांना तो नाकात घुसणारा आंबूस वास असायचा.

खाली चोवीस सेल होते, कमरेएवढे उंच, काचेच्या भांड्यांत, दोन रांगांत. रोज सकाळी प्रत्येकाचं झाकण उघडायचं, पाणी उतरलं असेल तिथे डिस्टिल्ड वॉटर घालायचं, काचेची नळी बुडवून ॲसिडची घनता पाहायची. एका दुपारी वादळात अख्ख्या शहराची वीज गेली. लिफ्ट अडकल्या, दुकानं अंधारली, आणि तिने सहज भिंतीवरच्या फोनचा रिसीव्हर उचलला तर तो संथ घूं-घूं आवाज चालूच. वर हजारो माणसं एकमेकांना विचारत होती, सुखरूप आहेस ना, पोहोचलास ना. ते सगळं बोलणं आपल्यासमोरच्या या भांड्यांवर चाललंय हे तिला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पण कळलं त्या दुपारी. पुढे किती वर्षं झाली तरी ती सेलजवळून जाताना आवाज न करता जायची, झोपलेल्या माणसांच्या खोलीतून जावं तशी.

तिची थोरली बहीण, ताई, शाळेची मुख्याध्यापिका. ताईच्या घरी सगळं जागच्या जागी. शाळेत ती बसायची तीच, शाळेने निरोपाला दिलेली चाकांची, कापडी गादीची खुर्ची खिडकीशी ठेवलेली असे. धाकटी एकदाच त्या खुर्चीवर बसली. ॲसिडचा थेंब सुती कापडावर पडला की लगेच काही दिसत नाही. कापड धुतलं की भोक पडतं. तीन आठवड्यांनी ताईने खुर्चीचा अभ्रा धुतला आणि त्याला पाच भोकं पडली. ताई रागावली नाही. तिने नीट ठिगळं लावली आणि पुढच्या वेळेपासून धाकटी आली की स्टुलावर वर्तमानपत्र पसरून ठेवू लागली. यावर दोघींनी कधी ब्र काढला नाही. धाकटी निवृत्त झाली, कपडे बदलले, वास गेला, तरी वर्तमानपत्र काही गेलं नाही. ती आपण होऊन ते पसरायची आणि बसायची. अंगवळणी पडलेल्या गोष्टींना निवृत्ती नसते.

मग ताईची फुप्फुसं थकली. नाकात नळी आणि पलंगाशेजारी चोवीस तास घरघरणारं ऑक्सिजनचं मशीन, असं ताईचं आयुष्य झालं. घर डोंगरावर, विजेच्या तारांच्या अगदी टोकाला. गेल्या हिवाळ्यात बर्फाने तारा तुटल्या, सिलिंडर संपत आला, आणि ॲम्ब्युलन्स पोहोचली तेव्हा सिलिंडरमध्ये वीस मिनिटांचा ऑक्सिजन उरला होता. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं: पुढच्या थंडीआधी घरात न जाणाऱ्या विजेची सोय करा, नाहीतर यांना खाली शहरातल्या शुश्रूषागृहात ठेवा.

"मी कुठेही जाणार नाही," ताई म्हणाली. "तिथे मला चमच्याने भरवतील."

धाकटी आपलं सामान एका पेटीत भरून ताईकडे राहायला आली आणि दुसऱ्या दिवशी सौर बॅटऱ्यांच्या दुकानात जाऊन उभी राहिली.

बॅटरीवाला चाळिशीतला, दाढीवाला, अघळपघळ माणूस. तो दुकानामागे उभ्या केलेल्या गाडीतच राहायचा. आत पलंग, शेगडी, छतावर पॅनेल, असं सगळं थाटलेलं. त्याने तिच्यासमोर बॅगेएवढा एक बंद खोका ठेवला.

"हिच्यात पाणी कुठून घालायचं?"

"घालायचंच नाही, मावशी."

"मग घनता कशी मोजायची?"

"मोजायचीच नाही."

"मग हिला बरं आहे की नाही हे कळायचं कसं?"

त्याने फोनचा पडदा तिच्यापुढे धरला. आत सोळा सेल होते आणि प्रत्येकाचे व्होल्ट तीन दशांशांपर्यंत समोर दिसत होते. चोवीस सेल मोजायला तिची सकाळ जायची. ती चष्मा पुसून पुन्हा पाहू लागली.

भुलणाऱ्यातली मात्र ती नव्हती. या लिथियम बॅटऱ्यांचेही प्रकार असतात हे ती वाचून आली होती. एक प्रकार वजनाला हलका पण तापट. दुसरा, लोह-फॉस्फेटचा, जरा जड पण तापला तरी डोकं शांत ठेवणारा. तिने दुसरा निवडला. ताईचं मशीन साडेतीनशे वॉटचं. त्यात दिवे आणि घर गरम ठेवणारा पंप धरला की दिवसाला सोळा-सतरा युनिट. एका खोक्यात पाच, म्हणजे चार खोके हवेत. दिवसा पॅनेलांनी भरायचे, रात्री वापरायचे. एवढ्यावर न थांबता तिने बॅटरीवाल्याला एका खोक्यावर हीटर आणि एक दिवा लावायला लावला आणि स्टुलावर बसून राहिली. जुनी बॅटरी थकली की दिवा लाल व्हायचा, बारीक व्हायचा. आपल्याला कळायचं की बिचारी दमली. ही चार तास तशीच. पाच तास तशीच. शेवटच्या मिनिटापर्यंत हिने चेहरा पाडला नाही, आणि मग गुपचूप थांबली.

"दमलेलं दिसायची हिला लाज वाटते," ती हळूच म्हणाली. बॅटरीवाल्याला ते काही समजलं नाही.

"एक लक्षात ठेवा, मावशी. हिला माणसाला चालते तीच हवा चालते. फार थंडीत बाहेर ठेवू नका. माझ्या तर पलंगाखाली आहेत दोन."

"बॅटरीवर झोपता तुम्ही?"

"सहा वर्षं."

तिने मान डोलावली. बॅटरीवर झोपणाऱ्या माणसाचं किती मनावर घ्यायचं, एवढंच तिच्या मनात आलं.

घरी तिने सगळं स्वतःच्या हाताने जोडलं. आधी चारही खोके वेगवेगळे पूर्ण भरले, चौघांचे व्होल्ट सारखे आल्यावरच एकमेकांना जोडले, नाहीतर भरलेली बॅटरी रिकाम्या बॅटरीवर तुटून पडते. प्रत्येकाला स्वतंत्र फ्यूज. केबल सगळ्या अगदी सारख्या लांबीच्या, आणि धन टोक पहिल्या खोक्यावरून तर ऋण टोक चौथ्यावरून घेतलं. दोन्ही टोकं एकाच खोक्यावरून घेतली तर सगळा भार त्या जवळच्यावर येतो आणि तो आधी मरतो. जवळ आहे त्याला राबवायची खोड विजेलाही असते.

आणि हे सगळं तिने बसवलं घराबाहेर, मागच्या भिंतीला टेकून असलेल्या शेडमध्ये, वर हवा खेळायला झरोका ठेवून. बॅटरी माणसांपासून लांब हवी, हे तिच्या हाडात मुरलेलं. ताईनेही आधीच बजावलं होतं, "तुझं ते ॲसिड-बिसिड माझ्या घरात नको." त्यात ॲसिड नाही हे सांगायचं राहूनच गेलं. आयुष्यात पहिल्यांदा दोघी बहिणींचं एकमत झालं आणि ते चुकीचं निघालं.

पानगळ संपेपर्यंत सगळं छान चाललं. परिचारिका येऊन पाहून गेली, डॉक्टरांनी होकार दिला. मग एका दुपारी बर्फ आलं, तारा तुटल्या, दिवे क्षणभरही न लुकलुकता बॅटरीवर गेले. ताईने वाचत असलेलं पान उलटलं. तिला कळलंसुद्धा नाही.

सकाळी आकाश धुतल्यासारखं निळं होतं. धाकटीने पॅनेलांवरचं बर्फ झाडूने लोटलं, ऊन लख्ख पडलं, आणि ती शेडमध्ये आली तर फोनच्या पडद्यावर भरणा, म्हणजे आत जाणारी वीज, शून्य. उरलेली बॅटरी चौतीस टक्के.

तिने फ्यूज पाहिले. एकेक नट पान्याने तपासला. पॅनेलांचे व्होल्ट मोजले, भरपूर होते. ऊन होतं, तार होती, बॅटरी उपाशी होती, आणि तरी एक घास घेत नव्हती. ऊन आहे तोवर मशीन थेट पॅनेलांवर चालणार होतं. पण दुपारी चारला सूर्य डोंगराआड गेला की चौतीस टक्के मध्यरात्रीनंतर तासा-दोन तासांत संपणार होते. पुढे एक सिलिंडर, दोन तासांचा. रस्ता परवापर्यंत बंद. ताईची आपण काळजी घेतोय म्हणता म्हणता आपणच तिला मारून बसणार, हे तिला त्या गार शेडमध्ये अगदी स्वच्छ दिसलं.

तिने बॅटरीवाल्याला फोन लावला.

"शेडमध्ये थंडी किती आहे, मावशी?"

तिने पाहिलं. शून्याखाली चार.

"मग ती बरोबर वागतेय. गोठलेल्या अंगात भरणा गेला तर सेल आतून कायमचा खराब होतो. तिच्या आत राखणदार आहे, तोच दार बंद करून बसलाय. बिघडलं काहीच नाही. तिला आत न्या."

फोन ठेवून ती तशीच उभी राहिली. एकतीस वर्षांत एकाही बॅटरीने तिला नाही म्हटलं नव्हतं. त्या द्याल ते घ्यायच्या, सोसायच्या, आतल्या आत झिजायच्या आणि एक दिवस मरायच्या. हा खोका म्हणत होता, इथे नाही, असं नाही. मला आत घ्या, मग बघू. तिने हातमोजा काढून त्याच्या थंडगार झाकणावर तळवा टेकवला. इतकं शहाणपण बॅटरीत असू शकतं, यावर तिचा विश्वास बसेना आणि तरी ते समोर होतं.

आत नेण्याजोगी जागा एकच, शेडच्या भिंतीपलीकडची. ताईची खोली.

ती दारात जाऊन उभी राहिली आणि जे होतं ते सगळं सांगितलं, आपली चूकही. ताईने नळी नाकावर सारखी केली.

"एकेकाचं वजन किती?"

"पंचेचाळीस किलो."

"आणि तुझं वय त्रेसष्ट. उचलणार कशी?"

ताईने खिडकीकडे बोट केलं. "ती खुर्ची घे. तिला चाकं आहेत."

"ताई, ती तुझी—"

"मला सिलिंडर लाव आधी. गप्पा नंतर."

नऊ वाजून दहा मिनिटांनी तिने सिलिंडर उघडला. मग पॅनेल बंद, इन्व्हर्टर बंद, बॅटरीचे खटके बंद, त्याच क्रमाने. मशीनची घरघर थांबली आणि घर इतकं शांत झालं की ताईचा प्रत्येक श्वास ऐकू येऊ लागला. एकेक खोका फळीवरून सरकवत खुर्चीच्या गादीवर घ्यायचा, पट्ट्याने बांधायचा, दारातून ढकलत आणायचा. बर्फाचं पाणी ताईच्या स्वच्छ फरशीवर सांडलं. तिसऱ्या खेपेला एक चाक उंबऱ्यात अडकलं तेव्हा ताई म्हणाली, "डावीकडून घे. शाळेतही तिथलंच चाक अडायचं." चारही खोके पलंगाच्या पायथ्याशी रांगेत लागले. केबल भिंतीतल्या आधीच्याच भोकातून आत आल्या. पुन्हा सारखी लांबी, पुन्हा पहिल्याचं धन, चौथ्याचं ऋण. तिने प्रत्येक नट दोनदा तपासला. साडेदहाला मशीन पुन्हा घरघरलं. सिलिंडरमध्ये चाळीस मिनिटं शिल्लक होती.

पण पडदा अजून शून्यच दाखवत होता. दोघी त्याच्याकडे बघत बसल्या, म्हणजे ताई पलंगावर टेकून आणि धाकटी भिंतीला टेकून उभी. खोक्यांवरचं दव आधी पांढरं होतं, मग ओलं झालं, मग ओघळलं. अकरा वाजले. पावणेबारा वाजले. आतलं तापमान शून्यावर आलं, एक झालं, तीन झालं. बाराला पाच मिनिटं असताना आत कुठेतरी टिक् असा आवाज झाला आणि आकडा हलला. चार अँपिअर. मग अकरा. मग बत्तीस.

"घेतेय," धाकटी म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. डोंगरावरचं ऊन छतावरून, भिंतीतून, या चार खोक्यांत उतरत होतं, ना वास ना आवाज, आणि रात्री तेच ऊन ताईच्या नाकातून आत जाणार होतं. तिला एकदम ती वादळातली दुपार आठवली.

ताईही पाहत होती. "याला वास कसा नाही गं?"

"यात ॲसिड नसतं, ताई. माझं सांगायचं राहिलं."

ताईने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग म्हणाली, "बॅटऱ्या माझ्या खुर्चीत बसून आल्या. तू कशाला उभी?"

धाकटीने खुर्ची फडक्याने पुसली आणि सवयीने कपाटावरचं वर्तमानपत्र घेऊन उलगडलं. ताईने पलंगावरून हात लांब केला. नळी ताणली गेली, पण तिने ते तिच्या हातातून काढून घेतलं आणि घडी घालून स्वतःच्या उशीखाली ठेवलं.

"बस," ती म्हणाली.

धाकटी बसली. गादीवर पाच ठिगळं होती, सारख्या टाक्यांची. पडद्यावर चौतीसाचे पस्तीस टक्के झाले होते.